आग्नेय, थोडी वर

आमच्या वाडीत सगळ्यांची तोंडं पश्चिमेला.
होड्यांची, पडवीतल्या आरामखुर्च्यांची,
संध्याकाळी पुळणीवर नुसत्याच उभ्या राहणाऱ्या बायकांची.
फक्त मी बसवलेल्या छत्र्या
दर्याकडे पाठ करून असतात,
उधारी थकलेला माणूस दुकानाकडे करतो तशी.

आग्नेय, आणि साठेक अंश वर.
होकायंत्र मोबाईलमध्ये आहे,
पण मी तारींच्या कलमाचा शेंडा धरतो,
त्याच्या डाव्या अंगाला चार बोटं.
तिथे कुठेतरी आभाळात तो आहे,
बिल न पाठवणारा.

आज कमळाबाई कोयंड्यांकडे.
"दर महिन्याक तीनशे कोण भरतलो?
त्यापेक्षा एकदाच काय तां घे
आणि माका मोकळी कर."
चिऱ्याच्या भिंतीत ड्रिल लोण्यात जावं तसं जातं,
तांबडी धूळ पापण्यांवर बसते.
बोल्टांना ग्रीस फासलं, तरी दोन पावसाळ्यांत
खारा वारा ते खाणारच.
मधे एक माड. त्याचं एक चुडत हललं
की बातम्या देणाऱ्या बाईचे चौकोन होतात.

"इलां?"
"नाय."
"आता?"
"निळांच दिसता."
"आता?"
"इलां, इलां! हलव नको! हात काढ नको!"

कौलांवर एक गुडघा, छत्रीवर एक हात.
खाली कीर्तन सुरू झालंय,
कमळाबाई मला विसरल्यात.

आमच्या आईने असाच बांबू धरलेला असायचा.
बाबा मस्कतला. टीव्ही त्यांनीच पाठवलेला,
एरियल मामाने बांधलेला, रिले केंद्राच्या दिशेने.
पण मे महिन्यात, वारा पडला,
दर्या तेल ओतल्यासारखा निपचित झाला,
की आई परसात जायची
आणि बांबू पश्चिमेला फिरवायची.
पडद्यावर मुंग्याच मुंग्या.
मग मुंग्यांत एक फेटा. एक दाढी.
कुणाला न कळणारं बोलणं,
आणि शेवटी नकाशा, त्यावर सूर्य, खाली आकडा.
अरबी आकडे ती नोटेवरून शिकली होती,
बाबांनी आठवण म्हणून दिलेल्या एकुलत्या एका नोटेवरून.
नोटेवर नसलेले तिने अंदाजाने लावले.
"त्रेचाळीस," ती म्हणायची.
"आज तेंका लय ऊन."
आणि त्या रात्री सोलकढी करायची.
वाढायची मात्र आम्हाला.

परवाना नाही, वर्गणी नाही,
हजार मैलांवरून हवेने आपणहून आणून दिलेलं.
पहाटे मतलई सुटायची
आणि सगळं परत मुंग्यांचं.

बाबा कायमचे आले तेव्हा मीच विचारलं,
त्रेचाळीसमध्ये कसं सोसलं म्हणून.
ते हसले.
"मी थंय बर्फाच्या फॅक्टरीत.
बारा महिने स्वेटर."
आई तांदूळ निवडत होती.
तिने सुपातला एक खडा उचलला,
बराच वेळ बघितला,
आणि परत सुपात टाकला.

तो एरियल अजून आहे आमच्या परसात.
दोन दांड्या गळल्या, एकीवर खंड्या बसतो.
गिऱ्हाईक हसतात: दुसऱ्यांच्या छपरावर छत्र्या,
आणि मेस्त्रीच्या घरी हे मासळीचं हाडूक.
भंगारवाल्याने सत्तर रुपये सांगितले.
मी नाही म्हटलं. कारण विचारलं नाही त्याने,
बरं झालं.

नट आवळायचा राहिलाय. पाना खिशात,
खिसा उजवा, आणि उजवा हात छत्रीवर.
कीर्तनकार रंगात आलाय.
"ये रे खाली," कमळाबाईंना आठवण झाली शेवटी,
"चाय थंड होता."
"आणि हात?"
खालून जरा वेळ काही नाही.
मग, विचार करून:
"हात थंयच ठेव."